वस्तू : जुना टीव्ही (नादुरुस्त)

सोसायटीच्या छंद प्रदर्शनाचं प्रमाणपत्र काल संध्याकाळी घरी आलं. लॅमिनेट केलेलं, कडेनं सोनेरी वेलबुट्टी, आणि माझ्या नावाखाली निळ्या पेनानं लिहिलेलं : 'वस्तू – जुना टीव्ही (नादुरुस्त)'. नाव बरोबर होतं. बाकी सगळं चूक. टीव्ही माझी वस्तू नव्हतीच, तो बायकोच्या माहेरून आलेला. आणि नादुरुस्त तर तो मुळीच नव्हता. त्यावर जे काही बिघडल्यासारखं दिसत होतं ते मी स्वतः, मुद्दाम, वयाच्या चौदाव्या वर्षी अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून बिघडवलेलं होतं.

माझी वस्तू होती त्या टीव्हीला जोडलेला स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीलाच पडदा करणारा जुना घरगुती कॉम्प्युटर. मूळ स्पेक्ट्रम इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीनं 1982 साली काढला. पुढे डेसिबेल्स नावाच्या कंपनीनं स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडे 'डीबी स्पेक्ट्रम' म्हणून विकला, त्यातला एक वडिलांनी कर्ज काढून आणला होता. मेमरी 48 के, म्हणजे किलोबाइट. हल्ली रोज सकाळी गुलाबाच्या फुलावर सुविचार येतो ना, त्या एका फोटोत असे दोन-तीन स्पेक्ट्रम बुडून जातील. बाकीची पोरं त्यावर गेम खेळायची. मी कडा रंगवायचो.

हे जरा सांगायलाच हवं, कारण प्रदर्शनात कोणी सांगू दिलं नाही. स्पेक्ट्रमचं चित्र पडद्याच्या मधल्या 256 बाय 192 ठिपक्यांत मावतं. भोवतीच्या चौकटीला, म्हणजे बॉर्डरला, एका वेळी एकच रंग. नियमच तसा. पण जुन्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. किरण एकेक ओळ ओढत वरून खाली येतो, सेकंदाला 50 वेळा. तो खाली उतरत असतानाच गुपचूप रंग बदलत राहिलं, तर चौकटीत आडवे पट्टे उमटतात, आणि दर खेपेला सुरुवातीचा रंग थोडा पुढे ढकलला की पट्टे लाटेसारखे वाहायला लागतात. अट एकच : एक ओळ ओढायला प्रोसेसरच्या घड्याळाचे बरोबर 224 ठोके लागतात, तेव्हा तुमच्या आज्ञांची बेरीजही 224 च व्हायला हवी. ही आज्ञा 4 ठोक्यांची, ती 11 ची, अमुक उडी 10 ची. दुकानदाराच्या चोपडीसारखी मी वही भरली होती. एक ठोका कमी पडला की पट्ट्यांची कड तिरकी. ही युक्ती फोर्टच्या फूटपाथवर मिळालेल्या एका ब्रिटिश मासिकात होती, आणि त्याचं नेमकं पुढचं पान फाटलेलं होतं.

तर त्या रविवारी सकाळी नऊला मी टेबल मांडलं. स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचा. माझी कॅसेट केव्हाच बुरशीनं खाल्ली, म्हणून तिचा आवाज आधीच मोबाइलमध्ये भरून ठेवलेला. मोबाइलची वायर स्पेक्ट्रमच्या कानात. लाल-निळसर पट्टे, मग पिवळे-निळे पट्टे, सगळं नीट चढत होतं, आणि शेवटच्या क्षणी सोसायटीच्या ग्रुपवर 'शुभ सकाळ' आलं. टिंग. पडद्यावर : 'आर टेप लोडिंग एरर'. त्या टिंगचाही प्रोग्रॅम म्हणून अर्थ लावायचा त्या बिचाऱ्यानं प्रयत्न केला असणार. मी मोबाइल विमानात बसवला आणि पुन्हा चढवलं. चाललं. पट्टे वाहायला लागले. अडतीस वर्षांनी. डोळ्यांत थोडं पाणी आलं, ते मी उदबत्तीवर ढकललं.

"व्हर्टिकल गेलंय."

जुन्या टीव्हीचं चित्र वर-खाली घसरायला लागलं की म्हणायचे ते. मागे सी विंगचे काका उभे. एका हातात पोह्यांचा द्रोण, दुसऱ्या हातात चमचा, चमच्यावर शेंगदाणा.

"नाही काका, ते मुद्दाम आहे."

"मुद्दाम कोण व्हर्टिकल घालवेल?"

"व्हर्टिकल ठीक आहे. ते पट्टे मी काढलेत."

"काढलेत, तर मग अजून दिसतायत कसे?"

मराठी भाषेत चित्र काढणं आणि डाग काढणं याला एकच क्रियापद का ठेवलं, हे मला एकदा कोणालातरी विचारायचंय. मी म्हटलं, "म्हणजे मीच आणलेत." काकांनी शेंगदाणा खाल्ला. मग टीव्हीला प्रदक्षिणा घातली. जाळीतून आत पाहिलं, वास घेतला.

"कंडेन्सर फुगला असेल. आमचा एशियाडच्या वेळचा टीव्ही. त्याला अगदी हेच झालं होतं. पण त्याला पट्टे दोनच. तुमच्याला सात-आठ आहेत."

"आठ. काळा धरून."

"म्हणजे फारच गेलाय."

तेवढ्यात पडद्याच्या मध्यात माझं 'स्वागत' उजवीकडून डावीकडे सरकत आलं. स्पेक्ट्रममध्ये स्वतःची अक्षरं घडवायला एकवीस जागा असतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांची. त्यात 'स्वा' बसवायचा म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटवर पैलवान बसवण्यासारखं आहे. मी चौकटीच्या वहीत तीन दिवस खोडत बसलो होतो. काकांनी ते 'स्वागत' डोळ्यांनी कडेपर्यंत पोचवलं.

"हॉरिझॉन्टलपण निघालं बघा. अक्षरं पळायला लागली."

"ती मी पळवतोय."

"कशाला? उभी राहू द्या की. लोकांना वाचता तरी येईल."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौदाव्या वर्षीही नव्हतं. घाईघाईत मी परदेशाचा आधार घेतला. आपल्याकडे तो चालतो. म्हटलं, काका, युरोपात पोरांनी ह्या असल्या करामतींची कला केली. गेमचं कुलूप फोडणारी टोळकी गेमच्या आधी स्वतःच्या नावाची अशीच पळती पाटी लावायची. पुढे गेम राहिला बाजूला आणि पाटीच मोठी झाली. तिला डेमो म्हणायला लागले, तिच्या स्पर्धा भरायला लागल्या, फिनलंडमध्ये तर 1992 पासून भरते. 2020 साली फिनलंडनं हा प्रकार आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. 2021 ला जर्मनीनंही.

काकांनी विचार केला. "थंडी असते हो तिकडे. बाहेर पडता येत नाही. मग माणूस काय करणार?"

शेजारच्या टेबलावर बी विंगच्या वहिनींची ठिपक्यांची रांगोळी होती, एकवीस ते अकरा. सुरेख होती, वाद नाही. पण मला एक सांगा, ठिपके तिचे आणि ठिपके माझे. तिला हवे तेवढे रंग. मला प्रत्येक आठ बाय आठच्या खणात दोनच. तिसरा घुसवला की अख्खा खण रंग बदलतो आणि पोपटाची चोच काढताना सगळा पोपटच लाल होतो. आणि तिला दिवसभरात एकानंही विचारलं नाही, "वहिनी, याचा उपयोग काय?" मला अकरा जणांनी विचारलं. बारावा माझा मुलगा.

"बघू, सरका," काका म्हणाले. द्रोण माझ्या हातात दिला आणि टीव्हीच्या डोक्यात सणसणीत एक ठेवून दिली. टेबल हललं. स्पेक्ट्रमची वीजपिन आधीच सैल, ती क्षणभर सुटून पुन्हा बसली. पट्टे गेले, 'स्वागत' गेलं, मेमरीतलं सगळं गेलं. पडदा पांढराशुभ्र, तळाशी बारीक अक्षरात सिंक्लेअरची 1982 ची नाममुद्रा.

"झालं की नाही स्वच्छ!" काका म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं नाही सांगत. दिवसभरात माझ्या टेबलाला मिळालेल्या त्या एकुलत्या एक टाळ्या, आणि त्यांतही वहिनींचे यजमान सर्वांत जोरात.

मी मोबाइल शोधतोय तोवर परीक्षक आले. त्यांनी पांढरा पडदा पाहिला. "यावर काय दिसतं?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "आत्ताच दुरुस्त केलाय, पण चॅनेल लागत नाहीयेत." परीक्षकांनी निळं पेन काढलं.

तक्रार काकांबद्दल नाही. असं झालेलं पहिल्यांदाच नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा कॅस्केड व्हायरस शिरला होता. पडद्यावरची अक्षरं एकेक करून सुटायची आणि तळाशी ढीग व्हायचा. आमच्या लॅब असिस्टंटनं शांतपणे मॉनिटरची मागची बाजू वीतभर उचलून पाहिली. तेव्हा मी हसलो होतो. पण आता वीजबिल भरलं की त्याच मोबाइलच्या पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडतात. बिल माझं, पैसे माझे, आणि वरात कोणाची? ते तुकडे उडवणाऱ्याला पगार मिळतो. त्याला कोणी उपयोग विचारत नाही, त्याच्या मोबाइलच्या डोक्यात कोणी चापट मारत नाही. आणि त्या तुकड्यांच्या आड पुढच्या खरेदीचं बटण असतं, हेही कोणाला दिसत नाही. माझ्या पट्ट्यांच्या आड काहीच नव्हतं हो. नुसते पट्टे होते.

प्रमाणपत्र बायकोनं टीव्हीवरच उभं करून ठेवलंय. तिला वाटतं छान दिसतं.

आज सकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. हातात दुधाची पिशवी. "काय मग," म्हणाले, "लागले का चॅनेल?"

चौथा मजला यायला अजून दोन मजले होते. 224 ठोक्यांपासून सुरुवात करायला तेवढा वेळ पुरला नसता.

"लागले," मी म्हटलं.

"कुठलं लागलं?"

"सह्याद्री."