मकबऱ्याला नक्कल म्हणावे का?

आग्र्याहून नुकताच परतलेला मित्र रविवारी संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) बेगमपुऱ्यातील आमच्या कट्ट्यावर म्हणाला, "ताज पाहिल्यावर आपला बीबी का मकबरा म्हणजे गरिबाघरची नक्कल वाटते." त्यावरून पेटलेला वाद टपरी बंद होईपर्यंत चालला.

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. ताजला मकराण्याचा संगमरवर सढळ हाताने लाभला. इथे तो मुख्यतः घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला मिळाला, वरचे बरेचसे काम दगडावरच्या चुन्याच्या गिलाव्याचे आहे. खर्चाचा आकडाही ६,६८,२०३ रुपये असा नोंदलेला आहे. "पैसा आखडला की कलाही आखडते," असे तो ठासून सांगत होता.

आमच्यातल्या स्थापत्य अभियंत्याला हे पटले नाही. "ताजची रचना उस्ताद अहमद लाहोरी यांची मानली जाते, आणि मकबऱ्याच्या पितळी दारावर ज्याचे नाव कोरलेले आहे तो अताउल्ला हा त्यांचा मुलगा. बापाची गायकी मुलाने गायली तर आपण त्याला घराणे म्हणतो. मग इथेच नक्कल का?"

मला स्वतःला मिनार मधल्या वास्तूच्या मानाने जड वाटतात, हे मी तेव्हाही कबूल केले. तरीही आत गेल्यावर जे दिसते, ते ताजमध्ये दिसत नाही. ताजच्या दालनात पाहणाऱ्याला मुमताजच्या कबरीची वरची प्रतिकृती दिसते, खरी कबर खाली तळघरात आहे; मकबऱ्यात मात्र संगमरवरी अष्टकोनी जाळीशी उभे राहून खाली वाकले की औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची खरी कबरच दिसते, चादरीने झाकलेली, आजूबाजूला लोकांनी टाकलेली नाणी.

त्यावर इतिहास शिकवणारी मैत्रीण म्हणाली, "मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली आणि दिलरास १६५७ मध्ये पाचव्या बाळंतपणानंतर महिनाभरात, इथेच. सासूसुनांचे दुःख एकच होते, त्यात अस्सल कोणते आणि नक्कल कोणती?"

आग्र्याहून आलेला मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "जाळीतून खाली मी कधी पाहिलेच नाही; शाळेच्या सहलीत आम्हाला बाहेर फोटो काढून परत आणले होते."