वैशाखात पाऊस पडला तर हायकूने काय करायचं?

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागातली आहे आणि मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर ऐसपैस देतो. २०२५च्या मे महिन्यातल्या पावसावर मी जे हायकू, म्हणजे जपानी वळणाच्या तीन ओळींच्या कविता, लिहिले, त्यांवर तुमचे आक्षेप असे: ओळींतल्या अक्षरांचा पाच-सात-पाचचा नियम पाळलेला नाही. हायकूला एक ठाम ऋतू लागतो, मी मात्र वैशाख आणि पाऊस यांची खिचडी केली, त्यापेक्षा सरळ 'वळीव' म्हणायचं. आणि निफाड तालुक्यात कांदा सडत असताना आम्ही नाशिकवाले गॅलरीत चहा पीत कविता करत होतो. "तुमच्या कुरडया आंबल्या, आमचा कांदा सडला. दोन्हींत फरक आहे," हे तुमचं शेवटचं वाक्य.

पहिला आक्षेप लगेच उरकतो. जपानी मोजणी आपल्या अक्षरांची नाहीच. 'निप्पोन' आपल्या हिशेबाने तीन अक्षरं, जपानी माणूस त्याचे चार ठोके मोजतो. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तोही आकड्यांना बांधून नव्हे. तीन छोट्या ओळी आणि त्यांतल्या दोन ओळींचं यमक, एवढंच बंधन. मी यमकसुद्धा दर वेळी धरत नाही. ही सूट घेतो आणि पुढेही घेणार.

आता ऋतू. तुम्हाला खटकलेला हायकू हा:

वैशाखातला पाऊस —
पंख्याखाली वाळत घातलेल्या
कुरडयांचा आंबूस वास

इथे 'वळीव' कसा चालेल? वळीव दुपारी तापल्यावर येतो, आधी धुळीचं वावटळ, मग गडगडाट, अर्धा तास झोडपून जातो आणि संध्याकाळी पुन्हा उकडायला लागतं. त्या वळवाने कुरडया आंबत नाहीत. गच्चीवरून खाट आत ओढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. मेच्या अखेरीस जे चाललं होतं त्यात दुसऱ्या दिवशीचं ऊनच नव्हतं. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो, तो २४ मेला आला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, तिथे २६ मेलाच. मुंबईत १९५० पासून इतक्या लवकर कधी नाही. वैशाखाची अमावास्याही उलटली नव्हती, दादा! म्हणजे खिचडी माझी नाही, आभाळाची. हायकूत ऋतू सांगायचा असतो हे खरं, पण तो पंचांगातला सांगायचा की दारातला?

जपान्यांनाही हे काही नवं नाही. त्यांच्याकडे ऋतुवाचक शब्दांचे जाडजूड कोश असतात, कुठला शब्द कुठल्या ऋतूचा ते ठरलेलं. पण १८७३ साली त्यांनी इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि सगळा हिशेब सरकला. सातव्या महिन्याच्या सप्तमीचा तानाबाता हा ताऱ्यांचा सण कोशात आजही शरदाचा. आता तो पुष्कळ ठिकाणी ७ जुलैला होतो, म्हणजे ऐन त्यांच्या पावसाळ्यात. तारे बघायचे तर वर ढग. म्हणून कुणी कोश जाळले नाहीत, की हायकू लिहायचे थांबले नाहीत. पुस्तकातला शरद आणि बाहेरचा पाऊस एकाच ओळीत आले की उलट कवितेला धार येते.

आणि ऋतू ओळखायला आपल्याला कोशाची गरजच काय? गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की नाशिककराला महिना सांगावा लागत नाही. द्राक्षाची खरड छाटणी म्हणजे एप्रिल, गोडी छाटणी म्हणजे ऑक्टोबर. यातलं द्राक्षाचं प्रकरण मला फार विलक्षण वाटतं. तुम्हाला माहीतच आहे, पण इतर वाचकांसाठी सांगतो. खरड छाटणीनंतर नवी काडी वाढते आणि तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, नुसत्या नजरेला न दिसणारा. त्याला ऊन लागतं. मे ढगाळ गेला, तर काडी बाहेरून हिरवीगार दिसते आणि खरा निकाल गोडी छाटणीनंतर कळतो, फूट निघते आणि घडच नाही. म्हणजे मेच्या पावसाचा एखादा हायकू दिवाळीत लिहावा लागतो:

दिवाळीची पोपटी पानं
फुटीला घडच नाही —
मेमधलं आभाळ

यात पाऊस कुठल्या ऋतूचा मानायचा, सांगा.

आता गॅलरी. हाच तुमचा खरा आक्षेप आहे, बाकीचे दोन तोंडी लावायला. जपानी हायकूकार बाशोचा एक किस्सा सांगतो. १६८९ साली मोगामी नदीकाठी एका यजमानाच्या घरी त्याने ओळी रचल्या: पावसाळ्याचं सारं पाणी गोळा करून 'गार' वाहणारी मोगामी. पुढे त्याच नदीतून तो होडीने गेला. नदी दुथडी भरलेली. नंतर त्याने 'गार' काढून 'वेगवान' केलं. घरात बसून पाऊस गार असतो, होडीत बसल्यावर तो वेगळा असतो. तुम्ही होडीत होतात. मी घरात होतो, आणि घरात मला कुरडया दिसल्या, म्हणून कुरडया लिहिल्या. घरात बसून होडीतलं लिहिलं असतं तर ती लबाडी झाली असती. दर अवकाळीनंतर 'बळीराजाचे अश्रू' घेऊन येणाऱ्या यमकबद्ध कविता तुम्हीही वाचल्या असतील. त्या बहुतेक गॅलरीतूनच येतात. फक्त गॅलरी दाखवत नाहीत.

कुरडई आणि कांदा यांत फरक आहेच. कुरडई गेली तर भावजय दोन दिवस धुसफुसते, कांदा गेला तर वर्ष जातं. पण हायकूला 'केवढं हे नुकसान' असं म्हणता येत नाही, त्याला वस्तू दाखवून गप्प बसावं लागतं. जून लागल्यावर सिन्नरकडे मावशीच्या शेतावर गेलो होतो. पोळ घालून, म्हणजे ढीग रचून, ठेवलेला कांदा भिजलेला, तो निवडत होते. ओला कांदा साठवणीच्या चाळीत गेला तर शेजारच्यालाही घेऊन सडतो, म्हणून एकेकाची मान अंगठ्याने दाबून बघायची, मऊ लागली की बाजूला. मावशीचा अंगठा काळा पडला होता. ती बोलत काहीच नव्हती, नुसती टाकत होती. तिथे हे लिहिलं:

कांद्याची मान दाबून
मावशी टाकते बाजूला —
पत्र्यावर पुन्हा पाऊस

हाही त्याच मालिकेत आहे, शेवटून दुसरा. तुम्ही बहुधा कुरडयांपाशीच तापलात आणि पुढे वाचलंच नाही. चहा मात्र माझ्या एकाही हायकूत नाही, तो तुमच्या पदरचा.

दोन्ही हायकू राहतील, शेजारी शेजारी. तुम्हाला कुरडयांचा हलका वाटला तर वाटू दे, तो हलकाच आहे.

जो कांदा चाळीत गेला तो टिकला का, तेवढं कळवा.