वजनाला हाय, पर हाडं जास्त

पिक्चर कसा आहे, हे मला विचारू नका. एकानं विचारलं होतं, तोंडापुढं माईक धरून. त्याचं काय झालं तेवढंच सांगतो.

पिशाच्चांच्या शिकाऱ्याचा पिक्चर. लांब कोट, बाण सोडणारी बंदूक, गळ्यात क्रॉस, वाढलेली दाढी. मूळ इंग्रजी, आमच्याकडं हिंदीत. तिकिटं मेहुण्यानं काढली होती आणि मेहुण्यानं काढलेल्या तिकिटाचे पैसे शेवटी दाजीच देतो, त्यामुळं डोकं पडदा उजळायच्या आधीच तापलेलं. त्यात पॉपकॉर्न. मक्याच्या लाह्यांच्या एका पुड्याला जे मोजले, त्यात अख्ख्या घराची मिसळ झाली असती, जादा कट आणि ब्रेडसकट.

सुटल्यावर बाहेर दोन तट पडले. कॉलेजच्या पोरी म्हणत होत्या, हिरो लै भारी, स्टोरी बोर. त्यांच्या मागचा पोरगा म्हणत होता, हिरोला काढा, पिशाच्च नाद खुळा. इंटरव्हलपर्यंत झोपलेल्या एका गृहस्थांना नंतरचा भाग फार आवडला होता, आणि नंतर झोपलेले त्यांचे साडू आधीच्या भागाची बाजू घेऊन भांडत होते.

तेवढ्यात तो पोरगा आला. माईकला पिवळा स्पंज, जोडीला मोबाईल धरणारा मित्र. ‘‘काका, पब्लिक रिव्ह्यू!’’

आता विचारलंच आहे, तर नीट सांगावं. मी सांगितलं की ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. तिच्यातला शिकारी व्हॅन हेलसिंग हा अॅमस्टरडॅमचा वयस्कर डॉक्टर, असला कोट उडवत कौलांवरून पळणारा नव्हे. तिच्यातला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाउजेडी फिरतो. उन्हानं मरायची पद्धत १९२२ च्या एका जर्मन मूकपटानं पाडली. आणि शेवटी त्याच्या छातीत लाकडी खुंटी कुणी ठोकतच नाही. गळ्यावरून कुकरी फिरते, गुरख्यांची असते ती, आणि दुसऱ्याचा सुरा काळजात जातो. पोरगा ‘हां, हां’ करत होता. मला जोर आला. म्हटलं, याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ काढला, १९२० ला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब की तो प्रसंग कापायला लावला. त्या गावाला तुम्ही रबरी दात दाखवून घाबरवणार?

हे शेवटचं वाक्य मला स्वतःलाच आवडलं. पोरानं माझा नंबर घेतला. ‘‘क्लिप पाठवतो काका.’’

आणि मामा आले. आम्ही मटण ज्यांच्याकडून घेतो ते मामा. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात उरलेलं अर्धं कणीस. हे त्यांनी आत कसं नेलं होतं, देव जाणे.

‘‘मामा, कसा वाटला पिक्चर?’’

‘‘रगात खोटं हाय.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘आरं, रगात भायेर आलं की घटकेत गोठतंय, काळं पडतंय. ह्यांचं रातभर लालभडक! आणि माणसात रगात असतंय किती? पाचेक लिटर. त्या एका बाईतनं बादल्याच्या बादल्या काढल्या की रं. काय माप हाय का न्हाई?’’

भोवती गर्दी जमायला लागली.

‘‘आणि हिरो?’’

‘‘पोरगं कष्टाळू हाय. पर तासलेलं लाकूड समोरनं छातीत हाणतंय. मधी हाड हाय! मी तीस वर्सं सत्तूर चालवतोय, मला एका घावात जमत न्हाई. ह्यो एका हातानं, ते बी पळत पळत.’’

‘‘भीती नाही वाटली?’’

‘‘कशाची? आमच्यात रक्ती करत्यात. कांदा, मसाला घालून मस्त परतायची. ते येडं कच्चंच पितंय. त्याला कुणी करून घातली न्हाई, म्हणून ही येळ आली बघ.’’ मामांनी कणसाचे चार दाणे तोंडात टाकले. ‘‘आणि ते काय, बोलवल्याबिगर घरात शिरत न्हाई म्हणं. मग आपलं कसं व्हायचं? दारात कोण बी दिसलं की आपण म्हणतोयच, या की, च्या घेऊन जावा. एका रात्रीत पेठ संपली!’’

‘‘पाचपैकी किती स्टार, मामा?’’

मामांनी डोळे बारीक केले. हवेतच तागडी उचलली, क्षणभर धरली.

‘‘वजनाला हाय. पर हाडं जास्त.’’

शिट्ट्या, टाळ्या. त्याच वेळी मेहुण्यानं लांबून हाक मारली, ‘‘दाजी, पार्किंगची चिठ्ठी तुमच्याकडंच हाय न्हवं?’’ आणि मी मान हलवली. चांगली जोरात हलवली, कारण गर्दीत त्याला दिसायला पाहिजे होती.

क्लिप मिनिटभराची आहे. मधोमध मामा, आणि मामांच्या डाव्या खांद्यावर मी. ‘हाडं जास्त’ला मनापासून मान डोलावतोय. स्टोकर नाही, कुकरी नाही, कीचक नाही. ऑफिसात एकानं विचारलं, ‘‘साहेब, मटणवाल्याचे पीए कधी झालात?’’ बायको म्हणाली, ‘‘निदान मान तरी बेतानं हलवायची.’’ मेव्हणीनं ती घरच्या ग्रुपवर टाकली, वर हसणारी तोंडं.

मामांवर राग नाही. रक्ताचं ते म्हणाले ते खरंच आहे, आणि रविवारी मटण त्यांच्याकडूनच आणायचंय. राग आहे तो दोन तास बसून बघितलेल्या गोष्टीवर कुणालाच मिनिटापेक्षा जास्त ऐकायचं नसतं याचा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला याच गावात निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. गेली ते बरंच केलं म्हणायचं, इथं राहिली असती तर आज तिच्याही दारात पिवळा स्पंज घेऊन कुणीतरी उभा असता. जुनी एकपडदा थिएटरं एकेक करून बंद पडली. तिथं पिक्चर सुटला की चहाच्या गाड्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद चालायचा, आणि कुणी कुणाला कापायचं नाही. आता वरच्या मजल्यावरून सरकता जिना थेट पार्किंगमध्ये उतरवतो, आणि थांबलात तर शिट्टी वाजते.

काल त्या पोराचा फोन आला. नंबर बघून मी खुर्चीत सरळ बसलो, घसा साफ केला. म्हटलं, निघाली शेवटी माझी क्लिप.

‘‘काका, पुढच्या शुक्रवारी अजून एक भुताचा पिक्चर लागतोय. त्या मटणवाल्या मामांचा नंबर आहे का तुमच्याकडं?’’

‘‘आहे की,’’ म्हटलं, ‘‘लिहून घे.’’

नंबर दिला. एक आकडा चुकवून.