एका मात्रेवरून सगळं सरकार निकामी?

गावच्या ऑनलाइन सातबाऱ्यावर माझ्या आजोबांचं नाव 'विठाबा' आलं होतं. खरं नाव विठोबा. एक मात्रा गेली आणि चुलतभावाचं पीककर्ज बँकेत अडकलं. रजा टाकून कोपरखैरण्याहून मी दोनदा गावी जाऊन आलो. राग आला होता, अजूनही आहे.

पण हे सोसायटीच्या ग्रुपवर सांगितलं तर तासाभरात निकालच लागला. "साधं नाव धड लिहिता येत नाही, हे काय राज्य चालवणार!" मला ते पटलं नाही. चूक माझ्याच घरची, म्हणून तर अजिबातच नाही.

कारण ती कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं. तलाठ्यांनी जुना हस्तलिखित उतारा काढला आणि नावाखाली बोट धरलं. कागदाची घडी नेमकी शिरोरेषेच्या वरून गेलेली. तिथली शाई उडाली होती, 'ठो'ची मात्रा नाहीशी आणि नुसता काना शिल्लक. संगणकावर भरणाऱ्याने दिसलं ते भरलं. राज्यभरातले सातबारे असेच कागदावरून संगणकावर आले. त्यात चुका राहणार हे धरूनच 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं, लोकांसमोर उतारे वाचले गेले. आमच्या घरचं कुणी गेलं नाही. लेखनातली चूक सुधारायला जमीन महसूल संहितेत कलम 155 आहे. त्याखाली अर्ज केला, तहसीलदारांचा आदेश झाला, नाव दुरुस्त झालं. कोणते कागद लागतात हे पहिल्याच वेळी नीट सांगितलं असतं तर दुसरी खेप वाचली असती. ती तक्रार मी लेखी दिली आहे.

निकाल देणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं. खालापूरकडचं हे धरण आपल्या नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. हिशेब मांडायचाच तर तेही धरा की!

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, ती आगरी-कोळी गावांची. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या. 1984 च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, 5 जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे पुढे जमीन गेलेल्यांना, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला. गावठाणाभोवती वाढलेली घरं नियमित करण्याचा प्रश्न तर दशकानुदशकं लोंबकळत राहिला. ही कुणाच्या हातून झालेली चूक नव्हे. माहीत असून, मोर्चे निघून, निवेदनं घेऊनसुद्धा प्रश्न तसाच ठेवला गेला. याला नाकर्तेपणा म्हणा, मी तुमच्याबरोबर आहे.

पण गळलेली मात्रा आणि हे, दोन्हींना एकच शिवी घातली की गावठाणातल्या माणसाचं गाऱ्हाणं त्याच गलक्यात बुडतं. जबाबदार खुर्चीलाही ते बरंच पडतं. सगळेच नालायक ठरले की नेमका जाब कुणालाच विचारला जात नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या रेशन कार्डातून सुनेचं नाव गळलंय. सोमवारी मी त्यांच्याबरोबर जातोय. अर्जाची पोच घ्यायची आणि काम किती दिवसांत होणार ती तारीख लिहून मागायची, एवढं ठरलंय. तारीख उलटली तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करणार. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्याला त्यात 500 ते 5000 रुपये दंड आहे. काकूंनी जुनं कार्ड पिशवीत काढून ठेवलंय.