खुडूक कोंबडी आणि अंडी
खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली रोज एकेक अंडं सरकवायच्या आठवणी कौतुकाने सांगितल्या जातात, पण नेमकं तेच करू नये. दहा-बारा अंडी एकदमच ठेवावीत. 21व्या दिवशी पिल्लं निघाली की कोंबडी उठते, मागाहून ठेवलेली थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली हवीत आणि धुतलेली तर अजिबात नकोत. वरचा थर गेला की छिद्रांतून जंतू शिरतात. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून पाहावं. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं फळलेलं; आरपार स्वच्छ दिसलं तर काढून टाका, नाहीतर सडून फुटतं. पिल्लाने आतून टोचा मारलेलं कवच मात्र सोलू नये (मुलांना हा मोह फार!). शिरा सुकलेल्या नसल्या तर रक्त येतं. बाहेर यायला पिल्लाला दिवसभरही लागू शकतो.