अप्पा, संथ म्हणजे सोपं नव्हे

अप्पा,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, ‘धुळ्याचा जुना वाचक’ एवढीच सही केलीत. लिहिण्यावरून वयाने मोठे वाटता, म्हणून आपल्याकडच्या रीतीने अप्पा म्हणतो. पीटर ग्रीन या इंग्लिश गिटारवाल्याच्या बिनशब्दांच्या रचनांवर, त्यातही ‘फ्लीटवुड मॅक’ या त्याच्या बँडच्या ‘अल्बाट्रॉस’वर, मी लिहिलं होतं. त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की हे हॉटेलच्या लॉबीत वाजणारं संगीत आहे. त्यात शब्द नाहीत, कसब नाही, दोन कॉर्ड (एकत्र छेडलेल्या सुरांचे गुच्छ) आणि चार सूर, झालं. मला ते आवडतं कारण त्याला माझं लहानपण चिकटलंय, आठवणी सोलून काढल्या तर खाली काही उरणार नाही. नशेपायी डोकं फिरलेल्या माणसाला मी संत करून ठेवलंय. आणि शेवटी अहिराणीत विचारलंत, ‘आपलं सोडीसन लोकेसनं कवतिक कसाले?’ म्हणजे, आपलं सोडून लोकांचं कौतुक कशाला?

सगळ्याला उत्तर देतो. पण ‘कसब नाही’ हे मला सगळ्यात जास्त लागलंय, त्यामुळे तिथे जरा जास्त बोलेन.

‘अल्बाट्रॉस’ १९६८च्या ऑक्टोबरात रेकॉर्ड झालं. ग्रीन तेव्हा बाविशीचा. त्याआधी तो जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या बँडमध्ये होता, तोही एरिक क्लॅप्टन या गाजलेल्या गिटारवाल्याच्या जागी. क्लॅप्टनच्या भक्तांसमोर उभं राहून वाजवायचं म्हणजे काय दडपण असेल! अशा जागी आलेला पोरगा काय करेल? दुप्पट वेगाने वाजवून दाखवेल. ग्रीनने उलट केलं. त्या बँडच्या १९६७च्या ‘अ हार्ड रोड’ या अल्बममध्ये त्याची ‘द सुपरनॅचरल’ नावाची रचना आहे. तीत तो एकेक सूर इतका लांब धरून ठेवतो, की आपणच श्वास रोखून बसतो. त्याच वर्षी त्याने स्वतःचा बँड काढला आणि नाव दिलं ते ड्रमवाला मिक फ्लीटवुड आणि बेसवाला जॉन मॅक्व्ही यांच्या आडनावांवरून. आपलं नाव त्यात घातलंच नाही.

आता ती रचना कान देऊन ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालचे सूर त्यात पोचतच नाहीत, हेडफोन लावा. पहिल्यांदा येतो बेस आणि ड्रम. फ्लीटवुडने इथे नेहमीच्या लाकडी काठ्या वापरलेल्या नाहीत. टिंपनीसाठी, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यासाठी, वापरतात तशा मऊ गोळ्याच्या काठ्या आहेत, त्यामुळे ठोका ‘टप्प’ न लागता ‘धुम्म’ असा आतून येतो. सिंबलवरही तो आघात करत नाही, आवाज हळूहळू फुगवत नेतो आणि सोडून देतो. मग ग्रीनची गिटार. सूर मोजके, आणि प्रत्येक सुराच्या मागे मोकळी जागा. मधल्या भागात दुसरी गिटार सोबतीला येते आणि दोन्ही मिळून एकच ओळ गातात. ती दुसरी गिटार डॅनी कर्वनची. अठरा वर्षांचा मुलगा, बँडमध्ये नुकताच आलेला. बँडमधला तिसरा गिटारवाला, जेरेमी स्पेन्सर, या रेकॉर्डिंगवर नाहीच. तीन मिनिटांच्या थोडं वर सगळा खेळ, आणि संपतो तेव्हा वाजवणाऱ्यांपैकी कोणीही एकदाही पुढे घुसलेला नसतो.

दोन कॉर्ड म्हणालात. हो, जवळजवळ सगळा भार दोन कॉर्डवरच आहे. म्हणूनच तर लपायला जागा नाही. वेगात वाजवताना एखादा सूर कच्चा लागला तर पुढचे दहा सूर त्याच्यावरून निघून जातात. इथे कच्चा लागलेला सूर तसाच उघडा पडून राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. अमळनेरकडच्या एका लग्नात हळदीच्या रात्री बँडवाले जेवायला बसले होते. त्यांच्यातल्या क्लॅरिनेटवाल्या मामांशी ओळख निघाली. उभी हयात वरातीत गेलेली, कुठलंही गाणं एकदा ऐकलं की बोटावर. मी त्यांना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘हे तर पोरं पण वाजवतील.’ क्लॅरिनेट उचलून सुरुवात केली. सूर पहिल्याच फेरीत सापडले, सगळे बरोबर. पण चाल बसेना. दोन सुरांमधली रिकामी जागा आली की बोटं आपोआप काहीतरी भरायला धावायची, एखादी मुरकी, एखादी हरकत. ड्रमवाला पोरगा हातानेच ताटावर ठेका धरत होता, तो चौथ्या-पाचव्या आवर्तनाला पुढे पळायला लागला. मामांनी त्याला दोनदा थांबवलं. तिसऱ्यांदा स्वतःच थांबले. ‘याच्यात दम धरायला लागतो भाऊ,’ म्हणाले, ‘आम्हाला दम तोडायची सवय.’ मग त्यांनी पुन्हा हेडफोन मागितला आणि आमटीची वाटी गार होईपर्यंत तीच रचना लावून ऐकत बसले. त्यांनी काय ऐकलं ते तुम्ही एकदा ऐका, एवढीच माझी विनंती आहे.

लोकांनाही ते कळलं होतं. १९६९च्या जानेवारीत ‘अल्बाट्रॉस’ ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे माणसं बदलून, ‘रूमर्स’ हा अल्बम काढून हा बँड जगभर गाजला. पण ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्यांचं सिंगल आजही हे एकच. बीटल्सनी ‘ॲबी रोड’मधलं ‘सन किंग’ करताना हीच रचना डोळ्यांसमोर ठेवली होती, हे जॉर्ज हॅरिसनने स्वतः सांगितलंय. आणि बी. बी. किंगसारख्या ब्लूजच्या बापमाणसाने ग्रीनच्या टोनइतका गोड टोन आपण ऐकला नाही असं म्हटलंय. हॉटेलच्या लॉबीत कोणीतरी आवाज बारीक करून ती लावून ठेवली, त्याचा दोष रचनेच्या माथी मारू नका. आपल्याकडे शहनाईचंही तेच झालंय. मंगल कार्यालयात टेप लावतात, कोणी ऐकत नाही. म्हणून बिस्मिल्लाखाँसाहेब लॉबीतले होत नाहीत.

टोनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या गिटारबद्दल सांगतो, कारण मला ती फार आवडते. १९५९ची गिब्सन लेस पॉल. तारांचा कंप टिपणारे तिचे जे दोन पिकअप आहेत, त्यांपैकी एकाचं चुंबक उलटं बसलेलं आहे. दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की त्यांच्या लहरी एकमेकींना थोड्या खातात आणि आवाज नाकातून आल्यासारखा, पोकळ, जरा दुखरा होतो. ग्रीनने ती पुढे गॅरी मूर या तरुण गिटारवाल्याला दिली. मूरने १९९५मध्ये ग्रीनच्या गाण्यांचा एक आख्खा अल्बम केला. आता ती ‘मेटॅलिका’ बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. इतक्या मोठमोठ्या हातांतून गेली, तरी लोक तिला अजून ‘ग्रीनी’च म्हणतात.

आता आठवणी. तुम्ही म्हणता त्या काढून टाका. मी भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. आमच्या ओळीत एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राहायचे. भुसावळला तेव्हा अशी बरीच घरं होती. त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता, आणि माझ्या मोठ्या भावाने त्यांच्याकडून एका कोऱ्या कॅसेटवर हे सगळं भरून आणलं होतं. उन्हाळ्यात घरात झोपणं शक्यच नसायचं. अंगणात खाटा टाकायच्या, पाणी शिंपडायचं, आणि वीज नसली तरी सेलवर चालणारा टेप उशाशी. यार्डात रात्रभर शंटिंग चालायचं. त्या आवाजातून ‘अल्बाट्रॉस’ ऐकलंय मी. ही आठवण मी सोलून काढणार नाही. का काढू? पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर वर देऊन झालंय: अमळनेरच्या मामांना ना माझी खाट ठाऊक, ना माझं यार्ड. त्यांना फक्त सूर ऐकू आले, आणि त्यांनी जेवण बाजूला ठेवलं.

शिवाय तो कान मला कोणी लंडनहून आणून दिलेला नव्हता. आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधे वेळ भरायला काय वाजायचं आठवा. वान शिप्लेंची इलेक्ट्रिक गिटार, हजारा सिंग, सुनील गांगुलींची हवाईयन गिटार. सिनेमाची गाणी, पण शब्दांविना. बातम्यांची वाट बघत आपले वडीलधारे ते ऐकायचे. निवेदक बोलायला लागला की तो सूर मधेच तुटायचा, आणि मला वाईट वाटायचं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी गिटार आपल्या घरात अशी आधीच येऊन बसली होती. ग्रीन माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याला मी परका म्हणून ऐकलंच नाही.

डोकं फिरलेला माणूस, या तुमच्या शब्दांना मात्र माझी हरकत आहे. ग्रीनने १९७०च्या मे महिन्यात बँड सोडला. एलएसडी हे भास घडवणारं नशेचं द्रव्य घेतलं होतं हे खरं, आणि त्याची किंमत त्याने मोजली हेही खरं. पैशाचं त्याला ओझं व्हायला लागलं होतं, तो वाटून टाकायच्या गोष्टी करायचा. पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, इस्पितळं झाली, विजेच्या झटक्यांचे उपचार झाले. या सगळ्यात मी कुठेही संतपण पाहिलेलं नाही, माझ्या लेखात तसं वाक्यही नाही. तो आजारी होता. आपल्या गावांतही असे आजारी असतात आणि आपण त्यांना ‘बाहेरचं झालंय’ म्हणून ओट्यावर बसवून ठेवतो. हा आजार टवाळीचा विषय नव्हे, एवढं तरी आपण मान्य करूया.

आणि आजारामुळे त्याचं संगीत थोर झालं, असलं काही मी मानत नाही. ‘अल्बाट्रॉस’ त्याने धडधाकट असताना, शुद्धीत, सोबत्यांना नीट सूचना देऊन बसवलंय. बँड सोडल्यावर त्याच वर्षी त्याचं ‘दि एंड ऑफ द गेम’ हे रेकॉर्ड आलं, तेही बिनशब्दांचं, पण विस्कटलेलं. ते मला ऐकवत नाही. आजाराने त्याच्याकडून काय हिरावून नेलं ते त्यात कळतं. मग मोठी पोकळी, आणि १९७९मध्ये ‘इन द स्काइज’ हा अल्बम. त्यातली ‘स्लॅबो डे’ लावा. गिटारवाला स्नोई व्हाइट सोबतीला आहे. हात पूर्वीसारखा राहिलेला नाही, पण सुरांच्या मधली जागा तशीच्या तशी आहे. मला या परतण्याचं फार मोल वाटतं. २०२०च्या २५ जुलैला तो गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मिक फ्लीटवुडने लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याच्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम केला होता. तिथे ‘अल्बाट्रॉस’ वाजवायला पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर उभा राहिला. गिल्मोरला कोणाचं ऋण फेडायची गरज नव्हती. प्रेमानेच आला असणार.

राहिला ‘आपलं सोडीसन’चा मुद्दा. अप्पा, सोडलं कोणी? कानबाईच्या रोटांना, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, मी दर श्रावणात गावी असतो. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचा ढोल रात्रभर उभं राहून ऐकलाय. त्या ढोलावर मला लिहायचंय, पण तिथल्या माणसांकडून नीट समजून घेतल्याशिवाय लिहिणार नाही. एकाचं कौतुक केलं म्हणजे दुसऱ्याचं कमी होतं, असं मला कधीच वाटलेलं नाही. खरं सांगायचं तर शब्दांविना गाणं ऐकायची जेवढी सवय खानदेशाला आहे तेवढी फार थोड्या मुलखांना असेल. आपल्या वरातीत गातं कोण? क्लॅरिनेट गातं, ट्रंपेट गातं, नंतर कॅसिओ गायला लागला. शब्द ऐकणाऱ्याच्या मनात असतात. सातवी नापास म्हाताऱ्याला क्लॅरिनेटच्या दोन सुरांवरून कळतं कोणतं गाणं आहे ते. त्या लोकांवर कोणी लिहीत नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि ते काम मी हातात घेतलंय. अमळनेरच्या मामांपासूनच सुरुवात करणार आहे.

त्यासाठी तुमची मदत हवी. तुमच्या प्रतिक्रियेत तुम्ही धुळ्याच्या जुन्या बँडवाल्यांचा ओझरता उल्लेख केलाय. त्यांच्यापैकी कोणी अजून वाजवत असेल, किंवा कोणाच्या घरी लग्नात भरलेल्या जुन्या कॅसेट पडून असतील, तर खाली लिहा. टेप जुनी असेल तर लगेच लावून बघू नका, पट्टी अडकून तुटते. आधी पेन्सिलीने दोन्हीकडून एकदा फिरवून मोकळी करा, नाहीतर माझ्यासाठी तशीच ठेवा. दिवाळीनंतर मी धुळ्याला येतोय, तेव्हा घेऊन जाईन आणि उतरवून परत आणून देईन.