एक्झॉर्सिस्टला हसणाऱ्यांनो, जरा दमानं

आज दुपारी भाचा आणि त्याचे दोस्त आमच्या हॉलमध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' बघत होते, सैतानानं झपाटलेल्या पोरीचा तो इंग्रजी हॉरर पिक्चर. भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या, मोबाईलवर, मधनंमधनं पुढे ढकलत. वर खीखी चाललेली. शेवटी मलाच ऐकवतात, "मामा, ह्यात भ्यायचं काय आहे?"

सटकली ना माझी.

आमच्या घरी हा पिक्चर भाड्याच्या सीडीवर लागला तेव्हा आई मागे मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. इंग्रजीचा शब्द कळत नव्हता तिला. दवाखान्याचा सीन आला, पोरीच्या मानेत सुई, रक्ताची चिळकांडी, ते धाडधाड वाजणारं मशीन, आणि आईचा हात थांबला. "अजून किती टोचताल रे पोरीला मुडद्यांनो," टीव्हीलाच म्हणाली. नंतर त्या पोरीचं डोकं गर्रकन मागे फिरलं तर हिनं नुसतं बघितलं, परत दोरा गुंडाळायला लागली.

तिला इंग्रजी न येता कळलं ते ह्यांना कळेना. अरे एक आई बारा वर्षांच्या लेकीला घेऊन ह्या डॉक्टरकडनं त्या डॉक्टरकडे पळतीय, नटी आहे, पैसा आहे, देवाधर्माचं काही नाही, आणि रिपोर्टात काहीच सापडेना. शेवटी डॉक्टरच म्हणतात पाद्री बोलवा! दवाखान्याच्या जिन्यात रात्र काढलेला माणूस ह्याला हसूच शकत नाही.

डोकं फिरतं तो पुतळा वाटतो, मान्य. देवऋषाकडे पळणाऱ्यांना हा दाखवू नये, तेपण मान्य. पण १९७३ साली डायरेक्टर फ्रीडकिननं बेडरूमचा सेट एसी लावून गोठवला होता, तोंडातनं निघते ती वाफ खरी आहे. बेस्ट पिक्चरच्या ऑस्कर नॉमिनेशनपर्यंत गेलेला पहिला हॉरर हा, आणि तुम्ही तो दीडच्या स्पीडवर बघता की बे!

जाऊ दे. लहान आहेत पोरं, आईबाप धडधाकट आहेत त्यांचे. पिक्चरमधला पाद्री, फादर कॅरस, त्याच्या स्वप्नात त्याची मेलेली आई भुयारी रेल्वेच्या जिन्यावर दिसते, हा हाका मारतो, तिला ऐकू जात नाही, ती परत खाली उतरते. तिथं आमच्या आईनं सूपच बाजूला ठेवलं होतं. का, ते मी तेव्हा विचारलं नाही.

शनिवारी रात्री भाच्याला परत बसवणार आहे, लाईट बंद, मोबाईल कपाटात. ज्याला यायचंय त्यानं या, कडक भाकरी-शेंगा चटणी माझ्याकडनं. १९७७ चा दुसरा भाग लावा म्हणणाऱ्याला मात्र दारातनंच परत पाठवीन.